सिनेमा फसला की टीव्ही? वाचकांच्या मतांची फोड

या वेळच्या टपालात प्रश्न कमी आणि निकाल जास्त आले. ‘अमुक भंगार’, ‘तमुक उगाच डोक्यावर घेतलाय’. मतांशी आमचं भांडण नाही. पण बऱ्याच पत्रांत गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला असा प्रकार दिसला, म्हणून काही निवडक पत्रांना जरा सविस्तर उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नव्या टीव्हीवर ‘द हॉबिट : अ‍ॅन अनएक्स्पेक्टेड जर्नी’ पाहिला. सगळं रोजच्या मालिकेसारखं दिसत होतं, सेट तर पुठ्ठ्याचे वाटले. या सिनेमाबद्दल अशीच तक्रार पूर्वीही वाचली होती. म्हणजे माझं मत बरोबर ना?

उत्तर : तुम्ही वाचलेली तक्रार खरी होती, पण ती वेगळ्या आवृत्तीबद्दल होती. २०१२ मध्ये हा सिनेमा काही निवडक चित्रपटगृहांत सेकंदाला ४८ फ्रेमने (म्हणजे ४८ स्थिर चित्रांनी) दाखवला गेला आणि तिथे अनेकांना तो खोटा वाटला. घरी मिळणारी आवृत्ती मात्र नेहमीच्या २४ फ्रेमची आहे. तेव्हा तुम्हाला जे दिसलं ते दिग्दर्शकाने केलेलं नाही, तुमच्या टीव्हीने केलेलं आहे.

टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने नव्या फ्रेम तयार करून घुसवतो. हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते आणि सिनेमाचा सिनेमापणा जातो. जुन्या मालिका व्हिडिओवर चित्रित होत. त्यात सेकंदाला ५० किंवा ६० वेळा चित्र बदलायचं. गुळगुळीत हालचाल म्हणजे मालिका, हे समीकरण आपल्या डोळ्यांत तेव्हापासून बसलेलं आहे.

ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने विकते. सॅमसंगवर ती ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर आणखी सोपं. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा मोड एका झटक्यात फ्रेम वाढवणं, कडा कोरणं आणि फिल्मचा रवा, म्हणजे बारीक दाणे, पुसणं बंद करतो. तो नसेल तर ‘सिनेमा’ मोड घ्या. चित्र पहिल्यांदा पिवळट वाटेल, कारण दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही निळसर लावलेला असतो. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, डोळे सरावतात.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे, साध्या चित्राची आणि उजेड-अंधाराचा पल्ला जास्त असलेल्या एचडीआर व डॉल्बी व्हिजन चित्रांची सेटिंग वेगवेगळी साठवली जातात. एका ठिकाणी बंद केलं म्हणजे सगळीकडे झालं असं नाही. प्रत्येक प्रकारचा सिनेमा सुरू करून, तो चालू असताना सेटिंग उघडा. दुसरी म्हणजे, सगळं बंद केल्यावर कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा चित्र हिसके देतं. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या, पडद्यावर २४ फ्रेम समान वाटता येत नाहीत, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते. तरीही ओएलईडी पडद्यावर हिसका थोडा जाणवतोच, कारण तो पडदा फार चटकन बदलतो. तिथे हिसके कमी करणाऱ्या ‘डी-जडर’ची पट्टी शून्यावरून दोन-तीनपर्यंत न्या. त्यापुढे गेलात की पुन्हा मालिका.

हे करून सिनेमाची पहिली २० मिनिटं परत पाहा. तरीही सेट पुठ्ठ्याचे वाटले तर मत बेलाशक कायम ठेवा.

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या पर्वातला लढाईचा भाग म्हणजे ८२ मिनिटांचा काळोख. एवढा खर्च करून दिवे लावायला पैसे उरले नव्हते का?

उत्तर : ‘द लाँग नाइट’ हा भाग २८ एप्रिल २०१९ रोजी दाखवला गेला आणि त्याच रात्री जगभरातून हीच तक्रार आली. आमच्या मते यात तिघे दोषी आहेत.

पहिला दोष खोलीचा. समोरच्या भिंतीवर दिवा असेल तर त्याची झळाळी काळ्या भागावर बसते आणि अंधारातला तपशील बुजतो. दिवा हवाच असेल तर तो टीव्हीच्या मागे, मंद ठेवा. मग टीव्हीची काळी पातळी तपासा. इथे नावांचा गोंधळ आहे. जुन्या टीव्हीवर ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी आणि ‘बॅकलाइट’ म्हणजे उजेड. सोनी आणि सॅमसंगच्या नव्या टीव्हीवर ‘ब्राइटनेस’ हाच उजेड असतो, आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘शॅडो डिटेल’ वेगळं दिलेलं असतं. वरखाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा. काळ्याची पातळी वाढवत न्या आणि पट्ट्या राखाडी दिसायला लागल्या की एक-दोन घर मागे या. ऊर्जा बचतीची सोय आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सरही बंद करा. अंधाऱ्या दृश्यात हे दोघे नेमका नको तेव्हा उजेड काढून घेतात.

दुसरा दोष प्रसारणाचा. साध्या ८ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या असतात, आणि धूर, धुकं, रात्र हे सगळं त्यातल्या तळच्या थोड्याशा पायऱ्यांत कोंबलेलं असतं. इंटरनेटवरून पाठवताना माहिती दाबली जाते तेव्हा पहिला बळी याच बारीक फरकांचा जातो. मग आभाळात गुळगुळीत छटांऐवजी नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसतात. फोर-के प्रवाहासाठी साधारण १५ एमबीपीएसचा (सेकंदाला १५ मेगाबिटचा) वेग सांगितला जातो, तर फोर-के ब्लू-रे डिस्कवर हाच आकडा १२८पर्यंत जाऊ शकतो. पट्टे दिसले तर त्याबद्दल छायाचित्रकाराला शिव्या देऊ नका.

तिसरा दोष मात्र मालिकेचाच. उजेड कितीही कमी असो, कोण कुठे उभं आहे आणि शत्रू कुठून येतोय हे कळायला हवं. एक परीक्षा करून पाहा. लढाई मधेच थांबवा आणि कागदावर तीन पात्रांच्या जागा काढा. या भागात अनेक ठिकाणी त्या काढता येत नाहीत. दिवे वाढवून हा गोंधळ मिटला नसता, कारण तो शॉटच्या जुळणीतला आहे. तेव्हा ‘काळोख’ हे मत मागे घ्या आणि ‘गोंधळ’ हे ठेवा.

प्रश्न : ‘टेनेट’मधले संवादच ऐकू आले नाहीत. आजकाल सगळ्याच सिनेमांत असं होतं. ध्वनी मिसळणारे झोपा काढतात का?

उत्तर : ‘टेनेट’पुरतं तुमचं म्हणणं मान्य. तोंडावर मुखवटे, वर संगीताचा डोंगर, आणि दिग्दर्शकाला संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेणं आवडत नाही. तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि तो फसला असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

‘सगळ्याच सिनेमांत’ मात्र नाही. सिनेमाचं मिक्सिंग ८५ डेसिबलच्या प्रमाण पातळीवर लावलेल्या खोलीत होतं. घरी आपण त्याहून पुष्कळ कमी आवाजात ऐकतो, त्यामुळे स्फोट चालून जातात आणि कुजबुज गडप होते. त्यात टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. पाच-पॉइंट-एक, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा अशा, ध्वनीत संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनेलमधून येतात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नसेल तर तो आवाज डाव्या-उजव्यात वाटला जातो आणि तिथल्या संगीताशी त्याला झुंजावं लागतं.

नुसत्या टीव्हीवर पाहत असाल तर अ‍ॅपच्या ध्वनीच्या यादीत ‘५.१’ऐवजी ‘स्टीरिओ’ निवडा. मग ‘नाइट मोड’ किंवा आवाज समपातळीत ठेवणारी सोय सुरू करा, म्हणजे मोठा आणि बारीक यांतलं अंतर घटेल. वेगळे स्पीकर असतील तर मधला चॅनेल ३ डेसिबलने वाढवा. संवाद कळतात ते मुख्यतः व्यंजनांवर, आणि व्यंजनांची धार साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. बास वाढवला की ती झाकली जाते. ‘दणदणीत’ आवाज करून संवाद हरवलेली घरं पुष्कळ आहेत.

प्रश्न : काळ्या पट्ट्या दिसल्या की माझी चिडचिड होते. पूर्ण पडद्याचे पैसे दिलेत, तर मी झूम करून पाहतो. काय बिघडलं?

उत्तर : चित्र बिघडलं. उंचीच्या २.३९ पट रुंदीचा सिनेमा १६:९ च्या टीव्हीवर उंचीचा पाऊण भागच व्यापतो. तो झूम करून भरलात की डावी-उजवीकडची मिळून पाव चौकट जाते. त्या पाव भागात बहुधा कोणीतरी उभं असतं.

जुन्या मालिकांचं याच्या उलट. त्या ४:३ मध्ये चित्रित झाल्या. त्यांना रुंद पडद्यात बसवताना वरखालची मिळून पाव उंची कापली जाते. ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग २०१९ मध्ये असेच कापून दाखवले गेले. एका विनोदात बिअरच्या तीन वेगवेगळ्या प्रकारांच्या टाक्या एकाच नळातून भरल्या जात असल्याचं दिसतं. विनोद सगळा त्या वरच्या नळात, आणि नळच कापला गेला. ओरड झाल्यावर मे २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय मिळाला. ‘फ्रेंड्स’मध्ये दुसराच घोळ आहे. फिल्मवर बाजूला राखीव जागा होती, ती रुंद आवृत्तीत उघडली, आणि काही ठिकाणी कडेला मुख्य अभिनेत्यांऐवजी उभी केलेली बदली माणसं दिसतात.

टीव्हीवर ‘ओरिजिनल’ चौकट निवडा, आणि ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ असेल तर ते चालू ठेवा. नाहीतर टीव्ही चारही कडांवरून थोडं थोडं खातो. ताणलेलं चित्र ओळखायला पडद्यावर एखादं चाक किंवा घड्याळ शोधा. ते लंबगोल दिसलं तर मालिकेतले सगळेच जाड दिसत असणार.

प्रश्न : ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ म्हणे महान. एका खोलीत बारा माणसं बोलत बसतात. जुने सिनेमे संथच, हे मान्य करायला लोक का घाबरतात?

उत्तर : संथ म्हणजे काय ते आधी मोजू या. कोणतीही दहा मिनिटं घ्या, प्रत्येक कटला, म्हणजे शॉट बदलतो तिथे, कागदावर रेघ ओढा आणि ६०० ला त्या संख्येने भागा. आलेला आकडा म्हणजे शॉटची सरासरी लांबी. १९३० ते १९६० च्या हॉलिवूड सिनेमांत ती बहुधा ८ ते ११ सेकंद असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती ३ ते ६ वर आली. तुमच्या डोळ्यांना दुसऱ्या चालीची सवय आहे, म्हणून पहिली पंधरा मिनिटं जड जाणं स्वाभाविक आहे. पण शॉट लांब आणि सिनेमा संथ हे एकच नव्हे. एखाद्या शॉटमध्ये नवी माहिती येणं थांबलं आणि तरी तो चालूच राहिला, तर तो संथ.

आता या ९६ मिनिटांकडे परत वळा, पण या वेळी कॅमेऱ्याची उंची पाहा. पहिल्या तिसऱ्या हिश्शात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, दुसऱ्यात डोळ्यांच्या पातळीला आणि शेवटच्यात खाली. जोडीला भिंगं हळूहळू लांब पल्ल्याची होत जातात, त्यामुळे भिंती माणसांच्या पाठीला चिकटल्यासारख्या दिसतात. शेवटाकडे छत दिसायला लागतं आणि खोली आक्रसते. मग बाहेरचा शेवटचा शॉट रुंद भिंगाने येतो आणि आपण श्वास सोडतो. १९५७ साली सिडनी ल्यूमेट यांनी हे सगळं आपल्याला न जाणवू देता केलं. एवढं पाहूनही कंटाळा आला तर तो प्रामाणिक कंटाळा, त्याला आमची हरकत नाही.

प्रश्न : ‘स्क्विड गेम’ सबटायटल्स लावून पाहिलं, पण पडद्यावरचं वाक्य आणि कानावरचं वाक्य जुळत नव्हतं. भाषांतर टाकाऊ आहे का?

उत्तर : तुम्ही बहुधा चुकीची ओळ निवडलीत. यादीत ‘इंग्लिश’ आणि ‘इंग्लिश सीसी’ अशा दोन ओळी असतात. ‘सीसी’ ही ऐकू न येणाऱ्यांसाठी आहे आणि ती इंग्रजी डबिंगमधल्या वाक्यांची नोंद आहे. डबिंगचं वाक्य ओठांना जुळवून लिहावं लागतं. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, ब किंवा म यावा लागतो, म्हणून अर्थाला मुरड बसते. कोरियन आवाज ठेवायचा असेल तर साधी ‘इंग्लिश’ घ्या.

तीही शब्दशः नसणारच. एका वेळी दोन ओळी, ओळीत सुमारे ४२ अक्षरं आणि जास्तीत जास्त ७ सेकंद, असं मोजमाप या धंद्यात सर्रास वापरतात. भराभर बोलणाऱ्या पात्राचं निम्मं बोलणं त्यात मावत नाही. तेव्हा सबटायटल वाचून ‘संवाद साधे आहेत’ असं मत देताना हात आखडता घ्या. अभिनयावर मत द्यायचं असेल तर डबिंग नकोच. आवाज दुसऱ्याचा, चेहरा पहिल्याचा, मग गुण कोणाला देणार?

प्रश्न : रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर ९५ टक्के पाहून एक सिनेमा पाहिला आणि तो अगदीच सर्वसाधारण निघाला. समीक्षक विकले गेलेत असं माझं मत झालंय.

उत्तर : ते गुण नव्हेतच. तो आकडा ‘किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला’ याचा आहे, किती बरा वाटला याचा नाही. शंभर समीक्षक धरा. ९५ जणांनी दहापैकी ६ दिले, पाच जणांनी ४, तर आकडा ९५ टक्के आणि सरासरी ५.९. दुसऱ्या सिनेमाला ७० जणांनी ९ दिले आणि ३० जणांनी ३, तर आकडा ७० टक्के पण सरासरी ७.२. कोणाचं मन न दुखावणारा सिनेमा पहिल्या मोजपट्टीवर नेहमी जिंकतो. मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ गुणांची भारित सरासरी काढतं, म्हणजे काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पहिला ९० च्या वर आणि दुसरा साठीत असेल तर ‘बरा आहे’ असंच समजून जा.

प्रश्न : मालिका किती भाग पाहून सोडावी? ‘सीझन दोनपासून छान होते’ हे ऐकून कान किटले.

उत्तर : वीस-बावीस मिनिटांच्या विनोदी मालिकेत ते बरेचदा खरं असतं. ‘साइनफेल्ड’च्या जुलै १९८९ मधल्या पहिल्या भागात एलेन हे पात्रच नाही. अमेरिकन ‘द ऑफिस’चा पहिला भाग ब्रिटिश मालिकेच्या संहितेवर बेतलेला होता आणि पहिलं पर्व अवघ्या सहा भागांचं. अशा मालिकेत सरळ दुसऱ्या पर्वातले दोन भाग पाहा. आवडले तर मागे या. आठ-दहा भागांच्या सलग कथेत असं चालत नाही. तिथे दोन भाग पाहा, आणि ‘याचं पुढे काय होईल’ असा एकही प्रश्न मनात नसेल तर निर्धास्त सोडा.

प्रश्न : ‘ब्रेकिंग बॅड’मधला माशीचा भाग म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.

उत्तर : वेळ नव्हे, पैसा काढला. २०१० मधला हा भाग खर्च वाचवण्यासाठी जवळपास एकाच जागेत, दोन पात्रांवर केला. धंद्यात याला ‘बॉटल एपिसोड’ म्हणतात. मात्र वॉल्टर कबुलीच्या किती जवळ येतो हे पाहायचं असेल तर तो भाग गाळू नका. आमच्या मते त्या पर्वातल्या चांगल्या भागांपैकी तो एक आहे.

प्रश्न : ‘१९१७’ आणि ‘अ‍ॅडोलसन्स’ दोन्ही एका शॉटमधले. मला दोन्हीकडे नुसती कसरत दिसली.

उत्तर : दोन्ही एकाच प्रकारचे नाहीत. ‘१९१७’ अनेक तुकडे जोडून एकसंध भासवलेला आहे. ‘अ‍ॅडोलसन्स’चे चारही भाग खरोखर अखंड चित्रित केलेले आहेत. सांधे शोधायचे असतील तर चार जागा पाहा : कॅमेरा गर्रकन वळतो तिथे, अंधारातून जातो तिथे, कोणाची पाठ पूर्ण चौकट भरते तिथे, दारातून आत-बाहेर होतं तिथे. १९४८ च्या ‘रोप’मध्ये पाठीची युक्ती उघडच दिसते. तेव्हा नाइलाज होता, कॅमेऱ्यात हजार फूट फिल्म मावे आणि ती सुमारे ११ मिनिटांत संपे.

कसरत आहे की गरज, हे ठरवायला एक प्रश्न पुरतो : इथे कट असता तर काय गमावलं असतं? ‘अ‍ॅडोलसन्स’च्या तिसऱ्या भागात, मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ समोरासमोर बसलेले असताना, सुटकेची वाट बंद होते, आणि कट ही प्रेक्षकाची सुटकाच असते. दुसऱ्या भागात शाळेच्या मार्गिकांमधून फिरताना मात्र माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचेपर्यंत आपण ताटकळतो. तिथे तुमच्या ‘कसरत’ शब्दाशी आम्ही सहमत.

प्रश्न : ‘ब्लेड रनर’वरून मित्राशी वाद झाला. तो म्हणतो नायकाचं निवेदन आहे आणि शेवट सुखाचा आहे, मी म्हणतो दोन्ही नाही.

उत्तर : दोघेही बरोबर. १९८२ च्या चित्रपटगृहातल्या आवृत्तीत निवेदन आहे आणि शेवटी मोकळ्या निसर्गातून प्रवासही आहे. त्यातली काही आकाशातून घेतलेली दृश्यं ‘द शायनिंग’साठी टिपलेल्या पण न वापरलेल्या फिल्ममधली आहेत. १९९२ च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट गेले आणि एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं. दिग्दर्शकाने पूर्ण हात फिरवलेली आवृत्ती २००७ ची ‘फायनल कट’. वादाआधी वेष्टनावरचं साल विचारा. लांबीवरून आवृत्ती ओळखायला जाऊ नका. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने धावतो, त्यामुळे ११७ मिनिटांचा सिनेमा ११२ मिनिटांत संपतो, आणि एकही शॉट कापलेला नसतो.